दुसऱ्या रकान्यातलं रक्त

माझी नोकरी नेमकी कसली, हे माझ्या सासरी, सापगावात, कुणालाच नीट सांगता आलं नाही. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "सून सशांच्या दवाखान्यात हाय." पाहुणे विचारायचे, सशांना एवढं काय होतं? त्यावर सासूबाई म्हणायच्या, "व्हत काय नाय, हीच जाऊन त्यांना सुया टोचते." मी आत चहा गाळत ऐकायचे. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीचं याहून अचूक वर्णन निरोपसमारंभातही कुणी केलं नाही.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्यामागे आमची छोटी प्रयोगशाळा होती. बाहेरून गोदामच वाटायची. आत चाळीस ससे, दोन फ्रीज, उणे ऐंशी अंशांचा एक फ्रीझर, एक अंधारखोली आणि आम्ही सहा माणसं. तिथे आम्ही अँटीबॉडी बनवत असू. अंगात परकं काही शिरलं की त्याला नेमकं ओळखून चिकटणारे कण रक्तात तयार होतात, त्या अँटीबॉडी. सशाला एखाद्या प्रथिनाचा तुकडा टोचायचा, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचायचा, आणि तीनेक महिन्यांनी त्याच्या कानाच्या शिरेतून रक्त काढायचं. रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं. ओळख त्या पाण्यात असते. ससा गेला तरी ती फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षं टिकते. नवीन होते तेव्हा मला या गोष्टीची जरा भीती वाटायची, मग डबा भरायच्या घाईत ती मागे पडली.

गिऱ्हाइकं म्हणजे मोठ्या शहरांतले संशोधक. एकाने फोनवर मला फैलावर घेतलं की तुम्ही रिकामी बाटली पाठवलीत. आत थेंबभरच माल होता आणि तो झाकणाला चिकटला होता. बाटली जरा आपटा म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याचा चार ओळींचा माफीनामा आला, तो मी बरेच दिवस कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला होता. गावातल्या लोकांना मात्र एकच प्रश्न पडायचा, काम झालेल्या सशांचं मटण कुठे जातं. जाळतो म्हटलं की हळहळायचे.

पण आज लिहायचं आहे ते देवरामबद्दल. नाव बदललं आहे आणि पाड्याचं नाव सांगत नाही. लिहायची परवानगी त्याने दिली आहे, मान हलवून. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या एका चुकीवर उभी राहिली, आणि ती चूक होती की नव्हती, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

देवराम आमच्याकडे सशांचं बघायचा. आला तेव्हा तिशीच्या आतबाहेर असेल. पत्ता म्हसा गावाजवळचा, मामाच्या घरचा दिलेला. त्याच्यासारखा हात मी पाहिला नाही. रक्त काढायच्या आधी तो सशाचा कान कोमट फडक्यात धरून ठेवायचा, शीर आपोआप वर यायची, आणि सुई आत गेलेली सशाला कळायचीही नाही. लग्नाचं विचारलं की हसून टाळायचा. आमच्यातल्या बायकांनी दोन-तीन स्थळं सुचवली, एकीकडे तर मुलगी बघायला जायचा दिवसही ठरवला. त्या दिवशी हा दिवसभर पिंजरे धूत बसला होता.

मग मुंबईच्या एका डॉक्टरांचं काम आलं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या मज्जापेशी मरत जातात, असा एक आजार आहे. हात बारीक होतो, मग पाय, मग जीभ, शेवटी श्वास. डोकं बहुतेकांचं शेवटपर्यंत जागं राहतं. पुष्कळांना तो घराण्यात कुणालाही नसताना होतो, पण काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. शहापूर तालुक्याच्या डोंगराळ भागातलं असं एक घर डॉक्टरांना सापडलं होतं. त्या घरातल्या आजारी माणसांच्या रक्तात एक प्रथिन जरासं वेगळं होतं. दीडशेएक मण्यांच्या माळेत एकच मणी बदललेला. आम्ही अशी अँटीबॉडी बनवायची होती की जी तो बदललेला मणी ओळखेल आणि निरोगी माळेला शिवणारही नाही. त्यासाठी त्या घरातल्या एका बाईच्या रक्ताची नळी आमच्याकडे आली. नळीवर नाव नव्हतं, आकडा होता.

देवरामने त्याच आठवड्यात दोन गोष्टी केल्या, ज्यांचा अर्थ मला दहा वर्षांनी कळला. या कामासाठी ठरवलेला अकरा नंबरचा ससा त्याने स्वतःकडे मागून घेतला. आणि दर सोमवारी तो माझ्यासमोर बोट पुढे करून उभा राहू लागला.

या बोटाचं सांगायला हवं. कुठलीही अँटीबॉडी तपासताना एका चौकोनी पडद्यावर शेजारी शेजारी रकाने असतात. पहिल्यात आजारी माणसाचं रक्त, दुसऱ्यात निरोगी माणसाचं. पडदा आधी दुधात भिजवतात, हो, साध्या दूध पावडरच्या दुधात, म्हणजे अँटीबॉडी नको तिथे चिकटत नाही. मग अँटीबॉडी घालायची, आणि अंधारखोलीत पडद्यावर फिल्म ठेवून ती धुवायची. पहिल्या रकान्यात काळी रेघ उठली आणि दुसरा कोरा राहिला, की काम फत्ते. या दुसऱ्या रकान्यासाठी निरोगी रक्त आणायचं कुठून? पुस्तकात त्याचे नियम आहेत. आमच्याकडे रिवाज असा की सोमवारी जो समोर दिसेल त्याच्या बोटाला टोचायचं आणि नळीवर लाल शाईने 'नि' लिहायचं. नाव नाही, नोंद नाही. आपल्यातलंच कुणीतरी, त्याची काय नोंद करायची?

"ताई, माजाच घ्या," देवराम म्हणायचा.

"तुला रक्त फार झालंय का रे?"

"तुमचा हात हलका हाय."

आणि मंगळवारी फिल्म बघायला यायचा. कुठला रकाना कुणाचा, हे मीच त्याला शिकवलं होतं. सशांचं बघणारा माणूस एवढा रस घेतो म्हणून मला कौतुक वाटायचं.

तिसऱ्या सुईनंतर अकरा नंबर देवरामच्या हातचं खाईना. त्याने गवत पुढे केलं की तो पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात जायचा आणि तिथून बघत राहायचा. सुया मी टोचत होते, म्हणजे भ्यायचं तर मला. माझ्या हातून मात्र तो निमूट खायचा. सशांना असलं काही कळत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. झालं ते लिहिलं, इतकंच.

अँटीबॉडी तयार झाली. पहिल्यांदा तपासली तेव्हा भर दुपार होती, पण अंधारखोलीला दुपार नसते. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये फिल्म हलवत होते. पहिल्या रकान्यात रेघ उठली. मी खूश होते न होते तोच तिच्या शेजारी, त्याच उंचीवर, तितकीच काळी दुसरी रेघ उठली. निरोगी रकान्यात.

याचा सरळ अर्थ आमच्या धंद्यात एकच असतो, की अँटीबॉडी अजून शुद्ध नाही, ती निरोगी प्रथिनालाही धरते आहे. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, पुन्हा गाळा. तीन आठवडे गाळत होते. निरोगी तुकडे चिकटवलेल्या नळीतून ते पाणी पुन्हा पुन्हा सोडलं, म्हणजे निरोग्याला धरणारं सगळं आत अडकून राहावं. पुन्हा तपासलं. पुन्हा दोन रेघा. मग वाटलं, शेजारच्या रकान्यातलं रक्त ओघळत असेल. म्हणून मध्ये एक रकाना रिकामा सोडला. रिकामा रकाना स्वच्छ राहिला आणि त्याच्या पलीकडे रेघ उठली. त्या दिवशी फिल्म ट्रेमध्ये तशीच ठेवून मी बाहेर आले आणि उन्हात जाऊन उभी राहिले.

आता खरं लिहायला हवं. त्या उन्हात माझ्या मनात आलं होतं की रेघ खरी असेल तर? ते रक्त कुणाचं, हे कागदावर कुठे नसलं तरी मला माहीत होतं. पण मी तो विचार झटकला. मुंबईचे डॉक्टर जे घर शोधत डोंगरात हिंडले, त्या घरातला माणूस नेमका माझ्या पिंजऱ्यांपाशी कसा असेल? आणि हा तर म्हशाकडचा. शिवाय आमच्या बाटलीवर छापलेलंच असतं, केवळ संशोधनासाठी. अशी कारणं शोधायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

देवराम दर मंगळवारी विचारायचा, "फिल्म आली का?" बिघडलेली फिल्म कुणाला दाखवायची नाही, हा माझा तोरा. "बिघडली," एवढंच सांगायचे. तो पिंजऱ्यांकडे जायचा. एकदा मी त्याच्यावर खेकसलेही, "तुला कसली रे एवढी घाई?" त्या दोन महिन्यांत तो वाळला होता, आणि मी समजत होते की अकरा नंबर त्याच्या हातचं खात नाही म्हणून मनाला लावून घेतलं असेल.

मग म्हशाची जत्रा आली. जत्रेला आमच्याकडे कागदोपत्री सुट्टी नव्हती, तरी माणूस टिकत नसे. साहेब मुंबईला, बाकीचे बैलबाजार बघायला, देवराम मामाकडे. मी एकटीच होते, कारण मुंबईहून तगादा लागला होता. जुनी 'नि'ची नळी दूषित झाली असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. नवं निरोगी रक्त हवं, आणि समोर तर कुणीच नव्हतं. मी माझ्याच डाव्या हाताच्या अनामिकेला सुई टोचली. नळीवर लाल शाईने लिहिलं, 'नि'.

पहिल्या रकान्यात रेघ उठली. दुसरा कोरा. जुनी नळी मी जाळायच्या पिशवीत टाकली. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली, आणि ती फिल्म पुढे डॉक्टरांच्या कागदपत्रांतही गेली.

देवराम जत्रेहून परतला तो थेट माझ्या टेबलाशी. मी ऐटीत फिल्म खिडकीला धरली.

"दुसरा कोरा?" त्याने विचारलं.

"कोरा."

"साफ?"

"अगदी साफ. बघ की."

त्याने बराच वेळ बघितलं. मग खाद्याच्या पोत्यावर बसला आणि दोन्ही तळहात तोंडावर दाबून धरले. मला हसू आलं. म्हटलं, एवढं काय, माझी अँटीबॉडी जमली तर तू का रडतोस? तो म्हणाला, "रडत नाय, ताई."

त्यानंतर महिनाभरात अकरा नंबरचं शेवटचं रक्त काढायचं होतं. शेवटचं म्हणजे सगळं. गुंगी देऊन काढतो, तो परत उठत नाही. देवराम म्हणाला, मीच धरतो. त्या दिवशी ससा पळाला नाही. त्याच्या मांडीवर गुंगीत जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला.

वर्षाच्या आत देवरामने लग्न केलं. हळदीला मी गेले होते. नवरदेव इतका नाचला की मुलीकडचे कुजबुजले, घेतली की काय. पुढच्या वर्षी मुलगी झाली. पेढे मला आधी दिले, साहेबांना नंतर. मला ते आपलेपणाचं वाटलं आणि बरंही वाटलं.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. देवरामच्या हातून पिंजऱ्याची पाण्याची बाटली पडली. त्याच्या हातून काही पडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. आठवड्यात दुसरी पडली. "गारठा हाय," तो म्हणाला. बाटली घ्यायला मी हात पुढे केला तेव्हा त्याचा पंजा दिसला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला मांसल भाग गेला होता, तिथे खळगा होता. आणि कोपराखाली, कातडीच्या आत, काहीतरी चालत होतं. बारीक, थांबून थांबून, एका जागी विझायचं, दुसऱ्या जागी सुरू व्हायचं. मी बघत होते. त्याला ते जाणवतही नव्हतं. तो माझ्याशी सशांच्या खाद्याबद्दल बोलत होता.

मज्जापेशी मरत गेल्या की स्नायू असे फडफडतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. इतकी वर्षं त्या आजाराच्या प्रथिनाची सेवा केली, पण आजार पाहिला तो त्या दिवशी. मी त्याला म्हटलं, मुंबईला दाखवून घे, त्याच डॉक्टरांकडे मी चिठ्ठी देते. तो नको नको म्हणाला. मग नोकरी सोडून बायको-मुलीला घेऊन परत पाड्यावर गेला, तेव्हा कळलं की त्याचं घर म्हशाला नव्हतंच, शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या वरच्या अंगाला होतं.

मी निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा केलं ते हे, की शहापूरहून जीप धरून डोळखांब आणि पुढे चालत त्याच्या पाड्यावर गेले. अंगणात बाजेवर बसला होता. बायको मागे भांडी घासत होती. आठेक वर्षांची मुलगी कोंबड्या हाकत होती. मी येईपर्यंत त्याच्या भावाने त्याला डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं, आणि डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं होतं.

"डाक्टर चुकतात, ताई," देवराम म्हणाला. जीभ जराशी जड झाली होती. "त्यो आजार मला नसंल. माजा रकाना कोरा व्हता."

"कुठला रकाना?"

"तुमीच दाखवला ना. जत्रंवरून आलो तवा."

मग त्याने सावकाश सगळं सांगितलं. त्याचा बाप असाच गेला, चुलता असाच गेला. आमच्याकडे नळी आली होती ती त्याच्या आत्याची; डॉक्टरांनी पाड्यावर तिचं रक्त नेल्याचं घरून त्याच्या कानावर आलं होतं. या घरात एक रीत आहे. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी सगळे रोपांच्या मुठी बांधतात आणि घरातली वडीलधारी बाई प्रत्येकाची मूठ हातात घेऊन बघते. ज्याची मूठ सैल निघाली त्याला कुणी काही बोलत नाही. फक्त त्या दिवसापासून त्याच्या हातात कोयता देत नाहीत, समोर जमिनीवर ठेवतात. बाप त्या जमिनीवरच्या कोयत्याकडे बघत बसायचा, ते देवरामने लहानपणी पाहिलं होतं. म्हणून तो घर सोडून मामाकडे गेला. मुंबईचे डॉक्टर रक्त घ्यायला पाड्यावर आले त्या दिवशीही इकडे फिरकला नाही.

"सुईला भ्यालो नाय," तो म्हणाला. "कागदावर नाव चढला का गावभर व्हतो. मंग धाकट्या बहिनीला कोन करंल? तुमच्या नळीवर नाव नसायचा. म्हनून मी तुमच्याकडं बोट द्यायचो. कोनाला इचारायला नको, कोनाला सांगायला नको. कोरा आला तर लगीन करीन, नाय तर नाय, असा ठरवला व्हता."

अंगणात कोंबड्यांचा आवाज चालू होता. मला वाटलं, गप्प राहावं. आता सांगून काय उपयोग? पण त्याचा त्या कोऱ्या रकान्यावर अजून भरवसा होता. त्यापायी तो डॉक्टरांचं औषध घेत नव्हता, पुन्हा जायला तयार नव्हता. मी सांगितलं.

"देवराम, ते रक्त माझं होतं. तू जत्रेला होतास. तुझ्या रक्ताला दर वेळी रेघ आली होती. मला वाटलं नळी बिघडली. मी माझं घातलं."

त्याने आधी स्वतःच्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाला, "कंच्या बोटाचा?"

मी डावा हात पुढे केला. त्याने माझी अनामिका आपल्या बोटांत धरली आणि नीट बघितली. तो दाबत होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. बोटाला काहीच कळत नव्हतं.

मी माफी मागायला लागले. त्याने मान हलवली, मुलीकडे बघितलं. "त्या टायमाला तुमी खरा सांगितला असता, तर ही नसती. हिच्यापुढं बसून तुमी चुकलात असा मी कसा बोलू, तुमीच सांगा."

मी पदराने तोंड पुसलं.

"अकरा नंबरचा पानी हाय अजून?" त्याने विचारलं.

"आहे. फ्रीझरमध्ये."

"मंग हिचा बघाल?"

नाही म्हटलं. आजार नसलेल्या मुलांचं असं बघत नाहीत. मोठी झाली की तिचं ती ठरवेल, आणि तेव्हाही मोठ्या रुग्णालयात, रीतसर. आणि ते पाणी माणसांना सांगण्यासाठी नाही, ते फक्त संशोधनासाठी आहे.

"मला तर त्यानं बराबर सांगितला व्हता," देवराम म्हणाला. "तुमीच आयकला नाय."

त्यात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. पुढच्या आठवड्यात तो डॉक्टरांकडे गेला, औषध सुरू झालं. आता तो बोलू शकत नाही, पण मी गेले की डोळ्यांनी हसतो.

त्या दिवशी निघताना त्याने मुलीला सांगितलं, बाईंना जीपपर्यंत सोड. उताराची वाट, दगड निसटते. तिने माझा हात धरला होता आणि सशांबद्दल विचारत होती, किती असतात, चावतात का, नावं ठेवता का. मी उत्तरं देत होते. थोडं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की माझा अंगठा तिच्या पंजावर फिरतो आहे. तिचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये मांस कितपत आहे, हे मी चाचपत होते. या वयात तिथे काहीच कळणार नाही, हे माहीत असून चाचपत होते, आणि थांबवता येत नव्हतं.

ती उभी राहिली. "काय बघतास, मावशी?"

"काही नाही गं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, आपला हात सोडवून घेतला आणि उताराने माझ्यापुढे चालू लागली.